डावीकडची खुर्ची

दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरतेश शेडबाळे जेवता जेवता थांबले आणि चटणी वाढायची राहिली म्हणाले. वैजयंतीनं ताटाकडे पाहिलं. शेंगदाण्याची चटणी ताटातच होती, डाव्या अंगाला, लग्नानंतरची एकतीस वर्षं ती जिथं वाढत आली होती तिथंच. भाकरीचा उजवा भाग संपला होता. डावा तसाच होता, मधोमध कुणी सुरीनं कापल्यासारखा. ती जरा वेळ बघत राहिली, मग तिनं ताटाची कड धरून ते अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली. "आता वाढलीस," असं म्हणून ते उरलेली भाकरी खायला लागले.

सकाळी त्यांनी दाढी केली होती. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर तीन आठवड्यांचे पांढरे खुंट. पेपर वाचताना ते मथळ्यातले उजवीकडचे शब्द तेवढे वाचत आणि हल्ली बातम्या लिहिणाऱ्यांना धड वाक्य जमत नाही म्हणून चिडत. डावा हात लुळा होऊन मांडीवर पडलेला असे. हा हात कुणाचा, असं दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं होतं. त्यांनी थोडा विचार केला होता आणि तुमचाच असेल, असं शांतपणे सांगितलं होतं.

डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे वैजयंतीला पटायला बरेच दिवस लागले. मिरजेच्या पुनर्वसन केंद्रात डॉक्टर तबस्सुम मुजावर यांनी तिच्यासमोर एक साधी चाचणी घेतली. भरतेशना डोळे मिटायला सांगितलं. तुम्ही सांगलीत विश्रामबागच्या चौकात उभे आहात आणि घराकडे निघाला आहात, रस्त्यात काय काय लागतं ते सांगा. त्यांनी सायकलचं दुकान सांगितलं, दातांचा दवाखाना सांगितला, शाळेचं फाटक सांगितलं. सगळं उजव्या हाताचं. मग डॉक्टर म्हणाल्या, आता उलटं, घराकडून चौकात या. आता त्यांना पिठाची गिरणी आठवली, औषधांचं दुकान आठवलं, रसवंतीगृह आठवलं. शाळा, जी त्यांनी दोन मिनिटांपूर्वी रंगासकट सांगितली होती, ती मात्र रस्त्यावरून पुसली गेली होती.

"डोळे मिटलेले असतानासुद्धा यांना डावी बाजू नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आठवणीतसुद्धा नाही. आम्ही याला दुर्लक्षच म्हणतो, पण हे मुद्दाम केलेलं दुर्लक्ष नव्हे. आणि काही हरवलंय हेही त्यांना कळत नाही."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. मेंदूचे दोन अर्धे. उजवा आपलं लक्ष डावीकडे ओढतो, डावा उजवीकडे. रस्सीखेच चालू असते, आणि दोन्ही बाजू तोडीस तोड असतात म्हणून आपल्याला जग सरळ आणि सबंध दिसतं. भरतेशना झटका आला तो उजव्या बाजूला. तिकडचे गडी पडले. आता डावा अर्धा एकटाच दोर ओढत सुटला होता, आणि शिवाय पडलेल्यांना उठूही देत नव्हता. उपाय असा, की धडधाकट बाजूलाच थोडा वेळ शांत करायचं. त्यासाठी एक टोपी होती. पूर्वी हे यंत्र कपाटाएवढं असे आणि रुग्णाला त्याच्याकडे जावं लागे. आता ते सायकलस्वाराच्या हेल्मेटएवढं झालं होतं. टोपी आधी मेंदूची स्वतःची लय ऐके, आणि त्या लयीत नेमका क्षण गाठून चुंबकीय स्पंदनांचे छोटे छोटे झोके डाव्या अर्ध्याला देई. ना सुई, ना कापाकापी. वीस मिनिटांनी तो अर्धा सुस्तावे आणि तासभर तसाच राही.

"पण टोपीनं कुणी बरं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "टोपी फक्त दार उघडते. त्या तासात पडलेल्या बाजूकडून काम करून घ्यावं लागतं. तुम्ही डावीकडे बसायचं. हाक मारायची, वस्तू दाखवायच्या, बघायला लावायचं. त्या तासात मेंदू जे पुन्हा पुन्हा करेल तेच त्याच्यात मुरेल. आणि झटक्यानंतर साधारण सहा महिनेच तो असा मऊ असतो. डिसेंबर संपला की मग फारसं काही होत नाही."

जून महिन्यात झटका आला होता. टोपी विम्यातून मंजूर होऊन घरी यायला ऑगस्ट उजाडणार होता.

भरतेश शेडबाळे कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. भट्टीतून ओतून निघालेलं कास्टिंग हातात घ्यायचं, उजेडात फिरवायचं आणि केसाएवढी भेग शोधायची, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे आणि कारखान्यात याचा सगळ्यांना अभिमान होता. ती नजर संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी येई. ते कधी आवाज चढवत नसत. हात उगारणं तर लांबच. ते फक्त बघत, आणि बोट दाखवून म्हणत, "इथं राहिलंय." ओट्याच्या कोपऱ्यात, साडीच्या काठाला, मुलीच्या वहीत, तिनं लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या ओळीत. काही ना काही राहिलेलं असेच, कारण ते खोटं कधीच बोलत नसत.

वैजयंती लग्नाआधी बुद्धिबळ खेळायची. सांगलीत हे नवलाचं नाही. गल्लीगल्लीत पट मांडलेले असायचे आणि मुली शाळा सुटल्यावर घड्याळ लावून डाव खेळायच्या. ती दोनदा जिल्ह्यात पहिली आली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिरजेला स्पर्धा होती, तेव्हा भरतेश हौसेनं तिच्याबरोबर गेले आणि तिच्या मागे उभे राहिले. ती हरली. स्कूटरवरून येताना त्यांनी सांगितलं की बाविसाव्या चालीला उंट मागे घ्यायला हवा होता. त्यांना खेळ येत नव्हता. त्या आठवड्यात पुस्तक आणून ते नियम शिकले होते, तिला मदत व्हावी म्हणून. आणि त्यांचं बरोबर होतं. नंतर घरी पट मांडला की ते मागे येऊन उभे राहत, आणि तिला मानेवर ती नजर जाणवू लागली की चालच सुचेनाशी होई. खेळू नको असं ते कधी म्हणाले नाहीत. तिनंच एक दिवस पट माळ्यावर टाकला.

जुलैतल्या एका दुपारी ती त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन घेवडा मोडत बसली होती. त्यांनी समोर बघून हाक मारली, "वैजू, कुठं आहेस?" ती हातभर अंतरावर होती. तिनं लगेच ओ दिली नाही. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग शेंगांकडे, मग सावकाश पाय लांब केले. एकतीस वर्षांत त्या घरात ती अशी कधी बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं शिडी लावून माळ्यावरून पट काढला, पुसला, आणि त्यांच्या डावीकडे स्टुलावर मांडला. ते उजवीकडच्या खिडकीतून रस्ता बघत होते. तिनं पांढरं प्यादं दोन घरं पुढं सारलं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

आठ-दहा दिवसांत ती टॅबवर लोकांशी खेळायला लागली. पन्नाशीपुढच्या बायकांचा एक गट होता, नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या. ती जिंकू लागली. त्यांना भरवणं, अंघोळ, औषधं, व्यायाम यांत ती कुठं कमी पडली नाही. त्यांची सगळी कामं उजवीकडून करायची आणि मग वळसा घालून डावीकडे यायचं. ते वळसा घालणं म्हणजे उंबरठा ओलांडून दुसऱ्या घरात जाण्यासारखं झालं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला टोपी आली. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला. टोपी किती वेळ डोक्यावर होती, नीट बसली होती का, हे आपोआप मिरजेला कळे. पुढच्या सरावाची नोंद मात्र मदतनिसानं टॅबवर स्वतः करायची. वैजयंतीनं सगळं नेमानं सुरू केलं. डावीकडे बसून ती घंटी वाजवी, वाटी दाखवी, नाव घेऊन बोलावी. "अहो, इकडं बघा." दहा दिवस त्यांची मान मधोमध येऊन अडकत राहिली, जणू तिथं भिंत होती.

अकराव्या दिवशी ती अडली नाही. डोळे आधी आले आणि मग मान. नजर तिच्या हातातल्या वाटीवर टेकली, तिथून तिच्या बोटांवर. डॉक्टर तिथं असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"नखात हळद राहिलीय," भरतेश म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट काहीतरी सापडल्याचा आनंद होता. दोन क्षणांनी नजर पुन्हा घसरून उजवीकडे गेली आणि आपण काही बोललो हेही ते विसरले. वैजयंती वाटी धरून तशीच बसली. मग उठून न्हाणीत गेली आणि ब्रशनं नखं घासत राहिली, बोटाच्या कडेला रक्त दिसेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी तिनं टोपी नीट बसवली. वीस मिनिटं झाल्यावर काढली. मग त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली, रेडिओ लावला, आणि स्वतः डावीकडे येऊन एक अर्धवट राहिलेला डाव उघडला. आज एक दिवस, असं तिनं स्वतःला सांगितलं. नोंदीच्या पानावर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही रकान्यांत तिनं एकदमच खूण केली. सराव झाला.

तो एक दिवस साडेसहा आठवडे चालला.

मिरजेहून डॉक्टर दर पंधरवड्याला विचारत. टोपी वेळेवर होती, सराव रोज होता, आणि प्रगती मात्र शून्य. अकराव्या दिवसाबद्दल तिनं सांगितलंच नव्हतं. डॉक्टर मुजावर कामात चोख होत्या. सगळं नीट चालूनही उपयोग होत नाही म्हणजे मात्रा कमी पडते, असा अर्थ त्यांनी काढला आणि स्पंदनांचा जोर वाढवला. भरतेशचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळची टोपी काढली की ते कपाळ धरून बसत, दोनदा त्यांना उलटी झाली. वैजयंती कपाळाला बाम चोळी. हे आपल्यामुळं, हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून सराव सुरू करायचा असं ती रोज ठरवी. सकाळी टोपी काढली की त्यांची मान आपोआप उजवीकडे वळे, डावीकडची खोली रिकामी होई, आणि तिचे पाय तिकडे जात.

हैदराबादला असलेली मुलगी, सन्मती, व्हिडिओवर रोज येई. काही जणांना नाहीच लागू पडत गं आई, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, असं ती म्हणे.

सव्वीस सप्टेंबरला दुपारी गटाच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकली तर वैजयंती पहिली येणार होती. चारच्या सुमाराला तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि चाल आली का ते बघायला बाहेर आली. समोरच्या बाईनं हत्ती पुढं टाकला होता. चाल साधी दिसत होती आणि साधी नव्हती. ती बसली. तिच्या उजव्या हाताला खुर्ची करकरली, काठी टेकल्याचा आवाज झाला, भरतेश उठले होते. आताशा ते काठीवर चार पावलं टाकत. पाणी हवं असेल, उजवीकडेच माठ आहे, घेतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं पटावरून नजर काढली नाही.

माठ उजवीकडेच होता. त्यांनी पाणी घेतलं आणि पीत ओट्याला टेकून उभे राहिले. डावीकडे गॅस होता, आणि त्यांचा डावा हात, जो त्यांच्या लेखी नव्हताच, ओट्यावरून घसरत ज्योतीवर गेला. त्या हाताला दुखणंही अंधुकच कळे. ते पाणी पीत राहिले. वैजयंतीला आधी वास आला, सदऱ्याच्या बाहीचा, आणि मग दुसरा.

अठरा दिवस ते मिरजेत होते. मनगटापासून कोपरापर्यंत मांडीची कातडी काढून लावावी लागली. ड्रेसिंग बदलताना ते त्या हाताकडे, नर्सनं तो वळवून उजवीकडे आणला की, कुतूहलानं बघत.

"या माणसाला फार भाजलंय," ते वैजयंतीला म्हणाले. "त्याच्या घरच्यांना कळवलंय का?"

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

घरी आल्यावर तिनं पट आवरला. टॅबवरचा गट सोडला. ऑक्टोबरच्या मध्यापासून ती टोपीनंतरचा पुरा तास त्यांच्या डावीकडे बसू लागली. घसा बसेपर्यंत हाका मारी. पेपरवर डाव्या कडेला तांबडी पट्टी चिकटवून ती पट्टी सापडल्याशिवाय ओळ सुरू करू देत नसे. पंधरा दिवसांत त्यांची नजर मध्यरेषा ओलांडू लागली. दर आठवड्याला पेपरचा एकेक रकाना परत येत गेला. डॉक्टर चकित झाल्या. इतक्या उशिरा असा प्रतिसाद त्यांनी पाहिला नव्हता. मात्रा वाढवल्याचा हा परिणाम, असं त्यांनी लिहून ठेवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी भरतेशनी उजव्या हातानं डावा हात उचलला, मांडीवर उलटासुलटा केला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा माझा आहे," ते म्हणाले. मग ते रडले. जून महिन्यात जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या सकाळी रडले, हातासाठी, पायासाठी, कारखान्याच्या बंद झालेल्या वाटेसाठी. भाजलं कसं, असं त्यांनी विचारलं. दूध गॅसवर होतं आणि मी डाव खेळत होते, असं तिनं सांगितलं. त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेवला. मग म्हणाले की अपघात आहे तो, त्याला कोण काय करणार. वैजयंतीला वाटलं इथंच थांबेल.

पण आता ती नजर जागी झाली होती आणि तिला काम हवं होतं. डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या आजाराची फाईल मागितली. टॅबवर सगळ्या नोंदी होत्या. मिरजेचं यंत्र टोपीचे आकडे बघे, सरावाची बेरीज बघे, पण दोन्ही रकाने एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. कारखान्यात आठवडाभराचे आकडे शनिवारी बसून एकदम भरणारी पोरं भरतेशनी कैक पकडली होती. त्यांना दोन दुपारी लागल्या.

तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं.

"सव्वीस सप्टेंबरची संध्याकाळ," ते म्हणाले. "टोपी नाही. मी दवाखान्यात होतो. आणि सराव झाला अशी खूण आहे. सकाळी साडेनऊची."

वैजयंतीनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला.

"मग मी मागं गेलो. बारा ऑगस्टपासून रोज तेच. दोन्ही वेळच्या खुणा एकाच मिनिटाला." त्यांनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. "डोकं दुखायचं माझं. तू बाम लावायचीस."

"हो."

"का?"

तिनं या प्रश्नाची उत्तरं कितीतरी वेळा मनात जुळवली होती. त्यांतलं एकही आता उपयोगाचं वाटेना. जे होतं ते तिनं सांगितलं.

"तुमच्या डावीकडे बसलं की मला कुणी बघत नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मला ते सोडवेना."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत खालच्या बाजूला डावीकडे अजून एक तुकडा कोरा होता आणि तो आता कोराच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वेळ निघून गेली होती. त्या तुकड्यामुळं त्यांना मान थोडी खाली करून बघावं लागे.

"मी एवढा वाईट होतो?"

"तुम्ही कधी हात उगारला नाहीत," ती म्हणाली. "ओरडलाही नाहीत. नुसते बघत राहिलात."

"मला वाटायचं, मी लक्ष देतोय," भरतेश म्हणाले. मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

बदल तिच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. ते ओट्याकडे बघत, पंख्याकडे बघत, मोलकरणीनं कोपऱ्यात ठेवलेल्या केराकडे बघत. तिनं ताट पुढं ठेवलं की ते ताटाकडे बघत. ती समोर बसली की त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जाई, तिथून खिडकीला, आणि वाटेत कुठंही न अडखळता परत. ते तिला टाकून बोलले नाहीत, की त्यांनी अबोलाही धरला नाही. पाणी दे म्हणत, औषध झालं का म्हणत, पण ते तिच्या शेजारच्या हवेला. साडीला चुरगळ राहिली, आमटी खारट झाली, तरी कुणी बोट दाखवलं नाही. तिनं एकदा मुद्दाम ओटा तसाच ठेवला. त्यांनी ओटा पाहिला, आणि पाण्याचा ग्लास भरून घेऊन गेले.

सन्मती नाताळच्या सुट्टीत आली. बापाला पेपर सरळ वाचताना पाहून ती रडलीच. भरतेश तिला म्हणाले की हे सगळं तुझ्या आईनं केलं, तिच्यासारखं कुणी केलं नसतं. ते म्हणताना त्यांनी मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. सन्मतीनं आईला मिठी मारली आणि आता तरी थोडं स्वतःसाठी जग, पट काढ पुन्हा, असा आग्रह केला. तिच्यासमोर वैजयंतीनं पट मांडला. मुलगी गेल्यावर तो आठ दिवस तसाच होता. तिला हवं तिथं बसता येत होतं, हवं तेवढं खेळता येत होतं. मागं कुणी नव्हतं, शेजारी कुणी नव्हतं. तिनं घोडा उचलला की तो कुठं ठेवायचा ते सुचत नसे. तो ती परत होता तिथं ठेवी.

जानेवारीत मिरजेला शेवटची तपासणी होती. भरतेश कागदावर विखरून छापलेले सगळे तारे शोधून खोडत गेले, एक सोडून. घड्याळाचं चित्र काढलं, त्यात बाराही आकडे आपापल्या जागी. डॉक्टर मुजावर खूश होत्या. मग त्या म्हणाल्या, आता ही खोली. डावीकडून सुरुवात करा आणि काय काय आहे, कोण कोण आहे, सगळं सांगा.

वैजयंती डावीकडे दाराशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर फाईल घेऊन.

"दार," भरतेश म्हणाले. "दाराला पितळी कडी. पांढरा कोट अडकवलाय, त्याचं एक बटण तुटलंय. खुर्ची. भिंतीवर कॅलेंडर, डिसेंबरचं पान उलटलेलं नाही. वजनकाटा. टेबल. तुम्ही. तुमच्या मागं खिडकी."

"खुर्चीवर काही?"

"फाईल."

"अजून कुणी आहे खोलीत?"

"नाही."

डॉक्टरांनी वैजयंतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत इतकी माया होती की तिनं मान खाली घातली. त्यांनी भरतेशना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिला जवळ बोलावलं. हे जरा चमत्कारिक आहे, त्या म्हणाल्या. वस्तू सगळ्या परत आल्यात, माणसं पूर्ण आलेली नाहीत. खरं तर ओळखीचा चेहरा सगळ्यात आधी परत येतो. तुमचा अजून का येत नाही, ते मला सांगता येत नाही. खचून जाऊ नका. सहा महिने उलटले असले तरी आपण प्रयत्न सोडायचा नाही. त्यांनी टोपी आणखी आठ आठवडे लिहून दिली. सराव बदलला. आता वाटी नको, घंटी नको. फक्त तुम्ही. डावीकडे बसायचं आणि स्वतःकडे बघायला लावायचं. एका बैठकीत निदान दहा वेळा.

डॉक्टरांना खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागं बारा ऑगस्टपासूनचं सगळंच आलं असतं. "करते," वैजयंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तिनं टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली, हनुवटीखालचा पट्टा लावला. त्यांनी हनुवटी वर करून तिला मदत केली. वीस मिनिटं टोपी आपलं काम करत राहिली. मग तिनं ती काढली आणि डावीकडची खुर्ची ओढून बसली.

"अहो," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

भरतेशची मान जराही न अडखळता पूर्ण डावीकडे वळली. "खिडकी," ते म्हणाले. "गजाला गंज चढलाय. बाहेर पेरूचं झाड. झाडाखाली मांजर."

"माझ्याकडे बघा."

"मांजर गेलं," ते म्हणाले.

तिनं पुन्हा हाक मारली. अजून सात वेळा मारायची होती.